संगणकाची स्मरणवही : एकदा केलेला हिशेब पुन्हा न करण्याची रीत

जुन्या मराठी शाळांतून शिकलेल्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ असत. सतरा औटे किती असे विचारताच साडेएकोणसाठ हे उत्तर येई. ते उत्तर देणारा त्या क्षणी गुणाकार करीत नसे. गुणाकार कोणी तरी पूर्वीच करून ठेवलेला असे आणि तो केवळ आठवावयाचा असे. कचेऱ्यांतून वापरली जाणारी व्याजाची व वेतनाची तयार कोष्टके ह्याच जातीची होत. केलेले श्रम साठवून ठेवावे व पुन्हा तोच प्रश्न आला म्हणजे श्रमाऐवजी साठवणीतून उत्तर काढावे, हे व्यवहारी शहाणपण मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हेच शहाणपण संगणकाला कसे शिकवितात आणि ते शिकविताना कोणते धोके संभवतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या रीतीला इंग्रजीत मेमोयझेशन असे नाव आहे. शब्दात ‘र’ नाही, हा मुद्रणदोष समजू नये. ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची ह्यांनी १९६८ साली ‘नेचर’ ह्या विज्ञानविषयक साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात ‘मेमो फंक्शन’ ही संज्ञा वापरली व तीवरून हा शब्द रूढ झाला. मिची हे दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या मंडळींपैकी एक होते आणि पुढे एडिंबरो येथे त्यांनी यंत्रांच्या शिक्षणक्षमतेवर काम केले. आपल्या कचेऱ्यांत ‘मेमो’ म्हटले की कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. येथे मात्र मेमो म्हणजे केवळ आठवणीसाठी केलेली नोंद. म्हणून ह्या लेखापुरता ‘स्मरणवही’ हा शब्द आम्ही योजीत आहोत.

पाढे आणि स्मरणवही ह्यांत एक भेद आहे, तो आरंभीच लक्षात घ्यावा. पाढा संपूर्ण आधी तयार करतात, मग त्यातील सतरा औटे आयुष्यात कधी लागो वा न लागो. स्मरणवही आरंभी कोरी असते. प्रश्न विचारला गेला म्हणजेच उत्तर काढावयाचे आणि त्याच वेळी ते वहीत लिहावयाचे. न विचारलेल्या प्रश्नांवर तीत एक ओळही खर्ची पडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. मराठीच्या शिक्षकांस मात्रावृत्ते परिचित आहेतच. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. प्रश्न असा की, आठ मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल? हा प्रश्न आपल्या छंदःशास्त्रकारांनीच उपस्थित केला. विरहांकाने त्याची रीत सांगितली आणि गुजरातेतील अणहिलवाड पाटण येथील जैन आचार्य हेमचंद्र ह्यांनी सुमारे ११५० साली ती पुन्हा स्पष्ट केली. इटलीतील फिबोनाची ह्याचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्यानंतरचा. तरीही जगभर ह्या संख्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

रीत अशी. आठ मात्रांची ओळ एक तर लघूने संपेल, नाही तर गुरूने. लघूने संपत असेल तर तिच्या आधी सात मात्रा भरलेल्या असणार, गुरूने संपत असेल तर सहा. म्हणून आठ मात्रांच्या रचना म्हणजे सातांच्या अधिक सहांच्या. सातांच्या म्हणजे सहांच्या अधिक पाचांच्या. असे उतरत एक व दोन मात्रांपर्यंत यावयाचे. एका मात्रेची एकच रचना. दोन मात्रांच्या दोन, म्हणजे दोन लघू अथवा एक गुरू. ह्यावरून १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी माला मिळते आणि आठ मात्रांचे उत्तर ३४ येते.

हीच रीत संगणकाला जशीच्या तशी सांगता येते. विशिष्ट माहिती घेऊन विशिष्ट उत्तर देणाऱ्या आज्ञासमूहाला शालेय गणितात फलन व संगणकाच्या व्यवहारात फंक्शन म्हणतात. आपले फंक्शन आठचे उत्तर काढण्यासाठी स्वतःलाच सातचे व सहाचे उत्तर विचारते. दिसावयास हे फार सुबक आहे. पण यंत्र प्रत्यक्षात काय करते ते पाहा. आठसाठी ते सात विचारते. सातसाठी सहा विचारते. ते सारे आटोपले की आठसाठी पुन्हा सहा विचारते आणि मघाशी काढलेले उत्तर विसरून सर्व गणित मुळापासून मांडते. ह्या एका प्रश्नात सहाचा हिशेब २ वेळा, पाचाचा ३ वेळा, चाराचा ५ वेळा, तिनाचा ८ वेळा आणि दोनाची पृच्छा १३ वेळा होते. एकूण विचारणा ४१. ह्या वाया गेलेल्या श्रमांच्या संख्याही त्याच मालेतील आहेत, ही गंमत जिज्ञासूंनी ताडून पाहावी.

आठाच्या जागी चाळीस घेतले तर विचारणांची संख्या २० कोटी ४६ लाख ६८ हजार ३०९ होते. पन्नास घेतले तर २५१७ कोटी २५ लाख ३८ हजार ४९. यंत्र कितीही चपळ असले तरी त्याला असे राबविणे हा अपव्यय होय. आता त्याच फंक्शनाच्या हाती एक वही द्या. प्रश्न आला की प्रथम वही पाहावी. नोंद असेल तर तीच परत करावी. नसेल तर हिशेब करावा, वहीत लिहावा, मग परत करावा. पन्नासचे उत्तर आता अवघ्या ९७ विचारणांत मिळते. २५१७ कोटींवरून ९७ वर येण्यासाठी नवे यंत्र लागले नाही, दोन ओळींची भर पुरली.

ही वही कोणत्याही संगणकभाषेत ठेवता येते. तथापि आम्ही येथे रस्ट ही भाषा निवडली आहे, त्याला कारण आहे. यंत्राची मूळ कार्यप्रणाली, उपकरणांचे चालक, जालावरील सेवा अशी पायाभूत कामे ज्या भाषांत लिहितात त्यांना प्रणालीभाषा म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी घडविलेली सी ही त्यांतील सर्वपरिचित. रस्टचा आरंभ ग्रेडन होर ह्यांनी २००६ च्या सुमारास केला, पुढे मोझिला संस्थेने तिला आश्रय दिला, आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१ ह्या आवृत्तीत तिला प्रथम प्रवेश मिळाला. भाषेचे नाव लोखंडाच्या गंजावरून नव्हे, तर पिकावर पडणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीवरून घेतल्याचे तिच्या कर्त्याने सांगितले आहे. शेतकरी वाचकांस हे नाव फारसे आवडणार नाही. परंतु वही कोणाची, ती कोणी वाचावी व कोणी लिहावी, ह्याविषयी ही भाषा जितकी काटेकोर आहे तितकी दुसरी प्रचलित प्रणालीभाषा नाही. स्मरणवहीचा धडा म्हणूनच हिच्यात चांगला शिकता येतो.

रस्टचा नियम थोडक्यात असा : प्रत्येक वस्तूचा मालक एक. ती इतरांस उसनी देता येते, पण एक तर अनेकांस केवळ वाचावयास, किंवा एकालाच लिहावयास. कोणी वाचीत असता दुसरा लिहील, हे चालावयाचे नाही. मालकाचे काम संपले की वस्तूची जागा आपोआप मोकळी होते. भाषांतरक, ज्याला कंपायलर म्हणतात, हा नियम पाळला गेल्याची खात्री झाल्याशिवाय कार्यक्रम तयारच करून देत नाही.

आता नवशिका येथे कसा अडखळतो ते पाहू. रस्टमध्ये स्मरणवहीसाठी हॅशमॅप नावाची तयार रचना आहे : डाव्या रकान्यात प्रश्न, उजव्या रकान्यात उत्तर. तिच्यात ‘एंट्री’ ह्या नावाची सोय आहे. ‘ह्या प्रश्नाची ओळ उघड, रिकामी असेल तर अमुक हिशेब करून ती भर’, असे एका वाक्यात सांगता येते. नवशिका मोठ्या उत्साहाने हेच वाक्य लिहितो व रिकामी ओळ भरण्यासाठी फंक्शनाला पुन्हा हाक मारतो. कंपायलर ते परत पाठवितो. त्याचे म्हणणे असे, की वही लिहिण्यासाठी एकदा उसनी दिली आहे, तीच पुन्हा दुसऱ्यास लिहावयास देता येणार नाही.

हा आडमुठेपणा वाटतो, पण कचेरीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. एक कारकून वही उघडून आठव्या ओळीवर बोट ठेवून बसला आहे आणि सहकाऱ्याला म्हणतो, ‘सातचे उत्तर काढून दे.’ सहकाऱ्याला त्यासाठी तीच वही हवी. त्याने ती ओढून घेतली, पाने संपली म्हणून सर्व मजकूर मोठ्या वहीत उतरविला आणि जुनी वही रद्दीत टाकली. पहिल्याचे बोट आता कशावर आहे? हॅशमॅप भरत आला म्हणजे नेमके हेच होते. तो मोठी जागा घेऊन सर्व नोंदी तेथे हलवितो. सी भाषेत हाताने वाढविलेल्या कोष्टकात असा जुना पत्ता कोणी धरून ठेवला, तर भाषा अडवीत नाही. कार्यक्रम चालतो, कधी बरोबर उत्तर देतो, कधी कचरा देतो, आणि चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. रस्ट ती चूक कार्यक्रम जन्माला येण्यापूर्वीच पकडते.

उपाय साधा आहे. वही उघडून पाहावी. उत्तर असेल तर त्याची नक्कल घेऊन परतावे. नसेल तर वही मिटावी, म्हणजे बोट काढून घ्यावे. मग सातचा व सहाचा हिशेब करवून घ्यावा, बेरीज आपल्यापाशी ठेवावी आणि शेवटी वही नव्याने उघडून ओळ लिहावी. शिक्षकांच्या सोयीसाठी तीच कृती ओळवार देतो :

वृत्तसंख्या, घेणार न आणि वही :
न दोन किंवा त्याहून लहान असेल तर न हेच उत्तर दे.
वहीत न ची नोंद असेल तर तिची नक्कल उत्तर म्हणून दे.
नाही तर बेरीज = वृत्तसंख्या(न − १, वही) + वृत्तसंख्या(न − २, वही).
वहीत न पुढे बेरीज लिही.
बेरीज हे उत्तर दे.

वही फंक्शनाला बाहेरून, लिहिण्याच्या परवानगीसह उसनी दिली आहे, हे लक्षात यावे. काही जण ती रेफसेल नावाच्या वेष्टनात ठेवतात. तेव्हा नियमाची तपासणी कंपायलरऐवजी कार्यक्रम चालू असताना होते. बोट ठेवूनच सहकाऱ्याला हाक मारली, तर कार्यक्रम त्या जागी थांबतो. चूक दडत नाही, एवढे खरे; पण ती उशिरा कळते. आमच्या मते आरंभी वही उघडपणे हाती देण्याची रीतच शिकवावी.

यंत्रात अनेक धागे एकाच वेळी काम करीत असतील तर वही एकच ठेवावी की प्रत्येकास वेगळी द्यावी, हा प्रश्न येतो. एकच ठेवली तर तिला म्यूटेक्स नावाचे कुलूप लावावे लागते. कुलूप हाती धरूनच त्याच धाग्याने पुन्हा ते उघडू पाहिले, तर तो पुढे जाऊच शकत नाही. म्हणून येथेही पाहा, मिटा, करा, लिहा हाच क्रम. वेगवेगळ्या वह्या दिल्या तर कुलूप नको, पण तोच हिशेब चार ठिकाणी होईल. रेफसेलमधील वही दोन धाग्यांत सामायिक करू गेल्यास मात्र रस्ट ठाम नकार देते.

वहीच्या डाव्या रकान्यात काय लिहावयाचे, ह्यालाही महत्त्व आहे. दशांश अपूर्णांक, ज्यांना यंत्रात तरते अंक म्हणतात, ते रस्ट हॅशमॅपच्या डाव्या रकान्यात घेत नाही. ‘अंक नव्हे’ असे एक विशेष मूल्य त्यांत असते, आणि ते स्वतःशीही समान मानले जात नाही. अशी नोंद लिहिली तर पुन्हा सापडणार कशी? पैशांच्या हिशेबात हा नकार हितकारकच आहे. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवता पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी.

वृत्तांचे उदाहरण समजण्यास सोपे असले तरी खऱ्या व्यवहारात त्याला वहीची गरज नाही. मागील दोन संख्या हाती ठेवून पुढे चालत गेले की काम भागते. वहीचे खरे मोल कळण्यासाठी नावांच्या जुळणीचा प्रश्न घेऊ. एक-चौदाच्या उताऱ्यावर आडनाव ‘पाटील’ असे दुसऱ्या वेलांटीने आहे आणि अर्जावर ‘पाटिल’ असे पहिल्या वेलांटीने आहे. कोठे ‘गांवकर’ तर कोठे ‘गावकर’, कोठे ‘नाईक’ तर कोठे ‘नायक’. यंत्राच्या लेखी ही दोन भिन्न माणसे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या वृद्धेला मात्र एका अनुस्वारापायी पुन्हा तालुक्याला खेप घालावी लागते.

दोन शब्दांतील अंतर मोजण्याची रीत सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन ह्यांनी १९६५ साली मांडली. एक चिन्ह बदलणे, गाळणे किंवा घालणे ह्यांपैकी कमीत कमी किती कृतींनी एका शब्दाचा दुसरा होतो, तेवढे अंतर. वरील तिन्ही जोड्यांचे अंतर १ येते. हिशेब उलट्या क्रमाने, शेवटच्या चिन्हापासून करतात आणि दर टप्प्याला तीन लहान प्रश्न उपस्थित होतात. दहा-दहा चिन्हांच्या दोन नावांसाठी, दर वेळी तिन्ही वाटा तपासल्या, तर वहीवाचून एक कोटी एकवीस लाखांहून अधिक विचारणा होतात. पण निरनिराळे प्रश्न आहेत किती? पहिल्या नावाची शून्य ते दहा चिन्हे आणि दुसऱ्याची शून्य ते दहा, म्हणजे अकरा गुणिले अकरा, केवळ १२१. गावच्या यादीतील हजारो नावे परस्परांशी ताडावयाची असतील, तेव्हा हा फरक काम होणे व न होणे ह्यांतला असतो.

येथे दोन बारकावे आहेत. प्रश्नांना क्रमांक देता येतात, म्हणून हॅशमॅपऐवजी साधी ओळीने मांडलेली यादी वापरावी; पान क्रमांकाने थेट उघडते व वेळ वाचतो. दुसरे असे, की न लिहिलेली ओळ शून्याने दाखविण्याची सीमधील जुनी सवय येथे घातक आहे, कारण शून्य हे खरे उत्तरही असू शकते; दोन नावे तंतोतंत सारखी असली की अंतर शून्यच. रस्टमध्ये ‘काही नाही’ आणि ‘शून्य आहे’ ह्या दोन भिन्न नोंदी ठेवण्यासाठी ऑप्शन नावाचा प्रकार आहे, तोच वापरावा.

आणि देवनागरीची एक खबरदारी. रस्टमधील मजकूर यूटीएफ-८ ह्या संकेतात साठविला जातो व त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पाटील’ ह्या शब्दाची चिन्हे पाच, बाइट पंधरा. चिन्हांऐवजी बाइट मोजले तर ‘पाटील’ व ‘पाटिल’ ह्यांतील अंतर १ ऐवजी २ भरते. म्हणून आधी मजकुराची चिन्हे सुटी करून घ्यावी. अंतर कमी आले म्हणजे माणूस एकच, असा निर्वाळा मात्र यंत्राने देऊ नये. नाईक आणि नायक ही एकाच वाड्यावरील दोन वेगळी घराणी असू शकतात. यंत्राने संशयित जोड्या पुढे ठेवाव्या आणि निर्णय तलाठ्याने चौकशी करून घ्यावा.

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. स्मरणवही केवळ अशाच फंक्शनाला लावता येते, ज्याचे उत्तर दिलेल्या माहितीवरच अवलंबून असते. समजा, एक फंक्शन मुद्दल व मुदत घेऊन सरळव्याज सांगते आणि व्याजाचा दर अन्यत्र ठेवलेल्या नोंदीतून वाचते. दर शेकडा ९ असताना दहा हजार रुपयांवर दोन वर्षांचे व्याज १८०० रुपये आले व ते वहीत लिहिले गेले. पुढे दर शेकडा ७ झाला. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दल व तीच मुदत घेऊन दुसरा कर्जदार आला. वहीत नोंद आहे. यंत्राने १८०० सांगितले. खरे देणे १४०० होते. कार्यक्रम अडला नाही, कोणतीही सूचना आली नाही आणि पावतीवरचा आकडा नीटनेटका छापला गेला. अशा चुकीची तक्रार तरी कर्जदार कशाच्या आधारे करणार? ह्या बाबतीत रस्टचा कंपायलरही मदतीस येत नाही. वही कोणी लिहावी हे तो पाहतो, वहीतील मजकूर शिळा झाला की नाही हे पाहत नाही. म्हणून दरही डाव्या रकान्यात घालावा, म्हणजे मुद्दल, मुदत व दर ह्या तिघांची मिळून एक नोंद होईल. अथवा दर बदलताच वही कोरी करावी. पहिला मार्ग अधिक निर्धोक, कारण दुसऱ्यात कोणी तरी आठवण ठेवावी लागते.

तसेच उत्तर देण्याखेरीज अन्य काही करणाऱ्या फंक्शनाला वही लावू नये. पावती छापणाऱ्या फंक्शनाला ती लावली, तर त्याच रकमेच्या दुसऱ्या भरणाकर्त्याला पावतीच मिळणार नाही.

शिळ्या नोंदींचा हा प्रश्न रस्टच्या कंपायलरच्या कर्त्यांपुढेही होता. मोठ्या कार्यक्रमात एक ओळ बदलली की सारा कार्यक्रम पुन्हा तपासणे त्रासाचे होते. म्हणून त्यांनी कंपायलरची रचना लहान-लहान प्रश्नांत केली असून त्यांची उत्तरे स्मरणवहीत ठेवली जातात. प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या अन्य उत्तरांवर आधारले आहे, हेही नोंदलेले असते. पुढील वेळी ज्याचा आधार बदलला तेवढेच उत्तर नव्याने काढतात. विशेष म्हणजे, नव्याने काढलेले उत्तर जुन्यासारखेच निघाले, तर त्यावर अवलंबून असलेल्या पुढील नोंदी तशाच ग्राह्य धरल्या जातात.

वही वाढत जाते, हेही विसरता येत नाही. मालकाचे काम संपले की रस्ट तिची जागा मोकळी करते, पण अहोरात्र चालणाऱ्या सेवेत मालकाचे काम संपतच नाही. तेथे पानांची मर्यादा ठरवून दीर्घकाळ न लागलेल्या नोंदी काढून टाकाव्या लागतात. आणि उत्तर मावण्याची मर्यादा वहीने वाढत नाही. चौसष्ट अंशांच्या बिनऋण पूर्णांकात वृत्तसंख्या ९२ मात्रांपर्यंतच मावते. ९३ ला ती बाहेर पडते. चाचणीच्या आवृत्तीत रस्ट तेथे थांबते, अंतिम आवृत्तीत मात्र वेगळी सूचना न दिल्यास आकडा गुंडाळून चुकीचे उत्तर पुढे जाऊ देते.

शिक्षकांनी हा पाठ यंत्राशिवायही घ्यावा. सात विद्यार्थी रांगेत उभे करावे आणि त्यांना नऊपासून तीनपर्यंतच्या मात्रासंख्या वाटून द्याव्या. दोन व एकची उत्तरे फळ्यावर आधीच लिहावी. नऊवाल्याला प्रश्न विचारून दर विचारणेला फळ्यावर एक रेघ ओढावी. पहिल्या फेरीत कोणी काही टिपून ठेवू नये. रेघा ६७ होतील. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाच्या हाती पाटी द्यावी व निघालेले उत्तर लिहू द्यावे. रेघा १५ वर थांबतात.